बुखारी ज्यूंच्या घरातले भिंतीवरचे गालिचे: थंडीपायी की थाटापायी?

क्वीन्सकर
मागे एका धाग्यावर रशियन घरांतल्या भिंतीवरच्या गालिच्यांची टिंगल चालली होती, ते मीम्स असतात ना, मागे लालभडक गालिचा आणि पुढे ताठ बसलेलं अख्खं खानदान. तिथे सगळ्यांनी एकच उत्तर दिलं की बाबा थंडी असते म्हणून लावतात, विषय संपला. मला ते पूर्ण पटलं नव्हतं पण तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

मी राहतो न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, रेगो पार्कला. इथून फॉरेस्ट हिल्सपर्यंतचा पट्टा म्हणजे बुखारी ज्यूंचं गावच आहे, १०८ व्या स्ट्रीटला लोक बुखारियन ब्रॉडवे म्हणतात, तंदूरमधल्या गोल भाकऱ्या, शश्लिक, हिरवा चहा, सगळं तिथे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही मंडळी मूळची बुखारा, समरकंद, ताश्कंद, दुशान्बे इकडची, म्हणजे आजचं उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान. बोली बुखोरी, ती ताजिक फारसीच्या घरातली, म्हणून मेहमान, दस्तरखान, पियाला असले शब्द कानावर पडले की आपण चमकून बघतो. १९७० च्या दशकात थोडी कुटुंबं बाहेर पडली आणि १९९१ ला सोव्हिएत युनियन फुटल्यावर मग रांगच लागली, बहुतेक इस्रायलला आणि इकडे न्यूयॉर्कला.

आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, सगळे त्यांना बीबी म्हणतात, म्हणून मीही. त्यांच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबल, काचेच्या कपाटात क्रिस्टलचे ग्लास आणि टेबलामागच्या भिंतीवर पूर्ण दोन बाय तीन मीटरचा गालिचा. आतल्या खोलीत पलंगाला लागून दुसरा. आता गंमत बघा, ज्या भिंतीला खिडक्या आहेत, जिथून खरी थंडी येते, ती भिंत साफ मोकळी आहे. गालिचा लावलाय तो दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीवर! शिवाय आमच्या जुन्या बिल्डिंगचं स्टीम हीटिंग असं की जानेवारीत सुद्धा खिडकी उघडून बसावं लागतं. मग कसली थंडी?

माझं मत असं झालंय की हा गालिचा भिंतीसाठी नाहीच, तो पाहुण्यांसाठी आहे. पण इथे जाणकार आहेत, बोला.

मृदगंधा_
वा, विषय आवडला. फोटो टाका की.

क्वीन्सकर
फोटो नाही टाकत, दुसऱ्याच्या घरातला आहे, बरं नाही दिसत.

अमरावतीकर
काय राव, आमच्याकडेही होता की, मखमलीचा, दोन हरणं आणि मागं धबधबा. काकांनी कुवेतहून आणला होता. बैठकीत लावला होता, त्याखाली बसून माझ्या ताईचे बघण्याचे तीन-चार कार्यक्रम झाले. म्हणजे पाहुण्यांसाठी हे बरोबरच आहे बाप्पा.

ताश्कंद_रिटर्न
मी ८४ ते ९० ताश्कंदला शिकायला होतो त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजतो :)

क्वीन्सकर, तुमचं निरीक्षण चांगलं आहे पण तुम्ही ज्याला बुखारी ज्यूंची परंपरा म्हणताय ती अख्ख्या सोव्हिएत युनियनची होती. युक्रेनियन, रशियन, आर्मेनियन, तातार, कुणाकडेही जा, गालिचा भिंतीवर. माझे एक प्राध्यापक रशियन होते, त्यांच्या पलंगामागे सुद्धा तोच, तशाच कारखान्यातला.

ताश्कंदचं सांगतो. १९६६ हे साल आपल्याकडे शास्त्रीजींमुळे लक्षात आहे, जानेवारीत ते तिथेच गेले. त्याच वर्षी २६ एप्रिलला पहाटे तिथे भूकंप झाला आणि जुन्या शहरातली मातीच्या विटांची घरं धडाधड पडली. मग सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतून बांधकामाची पथकं आली आणि चार-पाच मजल्यांच्या, नंतर नऊ मजल्यांच्या पॅनेलच्या इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीटचे तयार तुकडे आणायचे, क्रेनने जोडायचे, झालं घर. बाहेरून उन्हासाठी जाळ्या, बाजूच्या भिंतीवर मोझेइकची नक्षी, अगदी देखणं. आत मात्र सगळ्यांची खोली सारखी, भिंती सारख्या, दार सारखं. त्या सारखेपणात माणूस काय करणार? गालिचा लावणार.

आणि गालिचा मिळणं म्हणजे सोपं काम नव्हतं हो. दुकानात उभाच नसायचा. कामाच्या ठिकाणी युनियनतर्फे यादी असायची, नाव लावून ठेवायचं, कधी नंबर लागेल ते देव जाणे. नाहीतर ओळख काढायची. साध्या नोकरदाराचे दोन-तीन पगार सहज जायचे त्यात. मग एवढ्या महागामोलाची वस्तू जमिनीवर टाकून चपला-बूट फिरवायला माणूस वेडा आहे का? भिंतीवर सुरक्षित राहते, दिसते, आणि पुढेमागे अडचण आली तर विकता येते. बँकेत पैसे ठेवून करायचं काय, दुकानांत घेण्यासारखं काही नव्हतंच.

थंडीबद्दल तुमच्याशी सहमत. ताश्कंदची थंडी मॉस्कोसारखी नाही, शून्याच्या आगेमागे, आणि उन्हाळ्यात चाळीसच्या वर जायचं. हॉस्टेलच्या खोलीत माझ्या पार्टनरने भिंतीवर गालिचा लावला होता, जुलैमध्ये त्याला टेकलं की पाठीला घामोळं यायचं.

क्वीन्सकर
@ताश्कंद_रिटर्न, सोव्हिएत भाग एकदम मान्य. यादीचं मला बीबींनीही सांगितलं होतं, त्यांचे यजमान चपलांच्या कारखान्यात होते. पण माझा मुद्दा पुढचा आहे. रशियन माणसाच्या घरात भिंतीवरचा गालिचा युद्धानंतर आला, साधारण पन्नास-साठच्या दशकात घराघरात पोचला. मध्य आशियात भिंत कापडाने मढवायची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणजे बुखारी लोकांना सोव्हिएत काळाने काही नवीन शिकवलं नाही, जे होतं त्याला कारखान्याचा माल पुरवला.

जुनी घरं कशी असायची ते बघा. महल्ल्यात बाहेरून कोरी मातीची भिंत, आत गेलं की अंगण, अंगणाभोवती खोल्या. त्यातली एक खास खोली पाहुण्यांची, मेहमानखाना. खुर्च्या-टेबल नाही, जमिनीवर जाड गाद्या, त्यांना कुर्पाचा म्हणतात, भिंतीत कोनाडे, कोनाड्यात चिनी मातीची भांडी, आणि मोकळ्या भिंतीवर भरतकामाची मोठी कापडं, सुझनी. सण, लग्न, पाहुणा असला की बाहेर काढायची, एरवी पेटीत. १८६८ नंतर रशियाचा अंमल आला तशी समरकंदच्या ज्यू व्यापाऱ्यांनी बक्कळ पैसा केला आणि मोठाले वाडे बांधले. त्यातला कलांतारोव्ह यांचा वाडा आज समरकंदचं स्थानिक इतिहासाचं संग्रहालय आहे, क्रांतीनंतर असल्या मालमत्ता सरकारजमा झाल्या. म्हणजे वाडा गेला, अंगण गेलं, मग भूकंपानंतर ताश्कंदवाल्यांचं उरलंसुरलं मातीचं घरही गेलं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोनाडे नाहीत, अंगण नाही. भिंत तेवढी राहिली. माझ्या मते जी जागा सुझनीची होती तिथे गालिचा चढला, एवढंच.

सूतपुतळी
शेवटी माझ्या आवडीचा शब्द आला! टेक्स्टाइल शिकवते म्हणून जरा लांबण लावते, माफ करा.

सुझनी म्हणजे गालिचा नाही हे आधी स्पष्ट करू. हातमागाच्या सुती कापडाच्या अरुंद पट्ट्या असतात, चार-पाच-सहा. त्या आधी कच्च्या टाक्यांनी एकमेकींना जोडतात, मग नक्षी काढणारी बाई, तिला कलमकश म्हणतात, ती पूर्ण कापडावर चित्र उतरवते. मोठी वर्तुळं, वेली, डाळिंबं, मिरच्या, बदाम. मग शिवण उसवायची आणि एकेक पट्टी घरातल्या वेगवेगळ्या बायकांना भरायला द्यायची. आई एक, मावशी एक, शेजारीण एक. रेशमी धाग्याने भरून झालं की परत जोडायचं. त्यामुळे काय होतं, जोडावर फूल नीट जुळत नाही! एकीचा लाल जरा गडद, दुसरीचा टाका जरा घट्ट, अर्धं वर्तुळ बोटभर खाली. म्युझियममध्ये गेलात तर उभ्या जोडरेषेवर नाक लावून बघा, कुठली बाई घाईत होती ते कळतं.

मुलगी जन्मली की हे काम सुरू व्हायचं कारण लग्नात रुखवतात ते न्यायचं. नुसती एक सुझनी नाही, सेटच असायचा. अंथरुणावरची चादर वेगळी, तिला रुइजो म्हणतात, तीन बाजूंनी भरलेली आणि मधला भाग कोरा. आणि मला सगळ्यात आवडतो तो प्रकार म्हणजे झरदेवोर, भिंतीच्या वरच्या टोकाला छताखालून फिरवलेली लांब भरतकामाची पट्टी, आपल्या दारावरच्या तोरणासारखी, पण अख्ख्या खोलीला. म्हणजे क्वीन्सकर म्हणतात ते खरं आहे, भिंत नटवायची पूर्ण व्यवस्था होती, वरची पट्टी वेगळी, मधलं कापड वेगळं. श्रीमंतांकडे इकतचे रेशमी पडदेही भिंतीवर असायचे.

भरतकाम बहुतेक ताजिक आणि उझबेक बायकांचं, म्हणजे ही कापडं फक्त ज्यूंची असं मुळीच नाही. ज्यूंचा हात होता तो रंगात. बुखाऱ्यात रेशीम रंगवायचे दोन प्रकार, गरम रंग म्हणजे लाल-पिवळे, ते ताजिक रंगारी करायचे, आणि थंड रंग म्हणजे निळीचा, तो ज्यू रंगाऱ्यांचा. निळीत सतत हात घालून त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. आणि ही नीळ यायची कुठून? हिंदुस्तानातून, काफिल्यांबरोबर! तेव्हा भिंतीवरच्या त्या निळ्यात आपलाही वाटा आहे म्हणायचा.

मृदगंधा_
काय सुंदर माहिती. जोड न जुळण्याचं तर भारीच. मी विकत घेतलेल्या टेबल रनरवर तंतोतंत जुळलंय सगळं म्हणजे माझा मशीनचा :(

सूतपुतळी
असू दे हो, छान दिसतो ना.

विटा_आणि_सिमेंट
मी आर्किटेक्ट. जरा कोरडं बोलतो.

थंडीचं कारण अगदीच खोटं नाही. लोकर हवा धरून ठेवते त्यामुळे पलंगाशेजारच्या भिंतीला झोपेत हात-पाय लागला तर काँक्रीटचा गारवा लागत नाही, तेवढा उपयोग नक्की. पण खोली गरम ठेवायला म्हणून एका भिंतीवरच्या गालिच्याने फारसं काही होत नाही. आवाजाचंही तेच. लोक सांगतात शेजाऱ्यांचा आवाज थांबतो, नाही थांबत, काँक्रीट पॅनेलमधून येणारा आवाज थांबवायला वजन लागतं. हां, खोलीतला घुमणारा आवाज नक्की कमी होतो, त्यामुळे खोली शांत वाटते आणि माणसाला वाटतं शेजारी सुधारले.

उलट बाहेरच्या थंड भिंतीवर गालिचा लावला तर त्याच्यामागे भिंत अजून थंड राहते, खोलीतली दमट हवा आत शिरून तिथे पाणी धरतं, मग बुरशी. म्हणजे आतल्या भिंतीवर लावणारी बीबी इंजिनियरिंगच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

रामलेकर_आयझॅक
शालोम मंडळी. मी इस्रायलहून, रामलेत राहतो. आम्ही बेने इस्रायल, आजोबा अलिबागकडचे, घरात अजून मराठीच. आमच्या गावात आपली हिंदी माणसंही खूप आणि बुखारी पण खूप, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही.

बुरशीचं लाख बोललात. इथले जुने सरकारी ब्लॉक, हिवाळ्यात पावसाने भिंती पाणी पितात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बुखारी काकांनी नवीन घरात उत्तरेच्या भिंतीवर गालिचा ठोकला, मार्चमध्ये काढला तर मागे काळीकुट्ट भिंत. मग आतल्या भिंतीवर नेला. आणि इथे लोक उन्हाळ्यात जमिनीवरचे गालिचे गुंडाळून ठेवतात, फरशी थंड लागावी म्हणून, पण बुखारी घरात एक सण सोडला तर भिंतीवरचा बारा महिने तिथेच. काढला तर म्हणे घरात कुणी गेल्यासारखं दिसतं. हे काकूंचं वाक्य आहे, रीत म्हणून नाही सांगत.

पण तुम्ही सगळे एक विसरलात, सुक्का! सुक्कोथच्या सणाला आम्ही ज्यू लोक आठवडाभर घराबाहेर मांडव घालून त्यात जेवतो. छपराला झावळ्या नाहीतर फांद्या, आकाश दिसलं पाहिजे. भिंतींना काहीही चालतं. आमच्याकडे कोकणी पद्धत, झावळ्या, फळं टांगायची, पांढरी चादर. बुखारी लोकांचा सुक्का बघाल तर डोळे दिपतात. चारी बाजूंनी सुझनी आणि गालिचे, खाली गालिचे, मध्ये टेबल, भिंत म्हणून दिसतच नाही. १९०० च्या आसपासचा असल्या सुक्काचा एक जुना फोटो नेटवर सापडतो, तोही असाच मढवलेला. म्हणजे हे रशियन फ्लॅटमधून आलेलं नाही, सण जुना, रीत जुनी. माझ्या लहानपणी शेजारचे बुखारी सणाआधी घरातल्या भिंतीवरचे गालिचे उतरवून खाली अंगणात न्यायचे, आम्हा पोरांना एकेका टोकाला धरायला लावायचे, आणि सण संपला की परत वर. तेवढ्याच दिवसांत घरातल्या भिंतीवर गालिच्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन दिसायचा.

क्वीन्सकर
@रामलेकर_आयझॅक, क्या बात है! हे मला हवं होतं. सुक्का इथेही असतात, बिल्डिंगच्या मागच्या अंगणात, पण हल्ली बहुतेक तयार नायलॉनचे मिळतात त्यात काय लावणार. तरी एका घराने आतून सुझनी लावलेली बघितलीय.

ताश्कंद_रिटर्न
सुक्काचा मुद्दा जोरदार आहे. माझ्या वेळी उघडपणे सण करायची सोय नव्हती त्यामुळे मी कधी बघितला नाही. तुमच्या बाजूने एक गुण.

तरी एक सांगतो, गालिच्याचं जेवढं कौतुक तुम्ही करताय तेवढे ते गालिचे भारी नव्हते. नव्वद टक्के मशीनचे. कोपरा उलटून बघायचा, हाताने विणलेल्याला मागे प्रत्येक गाठ दिसते, रांगा किंचित वाकड्या, लाल रंगात पट्टे-पट्टे फिके-गडद, आणि टोकाच्या झिरमिळ्या म्हणजे ताण्याचेच दोरे असतात. मशीनच्याला झिरमिळ्या वेगळ्या शिवलेल्या.

घाटपांडे_ज्यु
एक बेसिक प्रश्न. दुकानात बुखारा कार्पेट म्हणून मिळतं, लाल आणि त्यावर अष्टकोनी ठोकळे ओळीत, ते ह्यांचंच का?

सूतपुतळी
नाही. ते तुर्कमेन लोकांचं विणकाम, मुख्यतः तेक्के जमातीचं. विकायला बुखाऱ्याच्या बाजारात यायचं म्हणून व्यापाऱ्यांनी ते नाव चिकटवलं. आज बुखारा म्हणून जे दुकानात असतं त्यातलं बरंचसं पाकिस्तानात विणलेलं, त्याच नक्षीचं. तो ठोकळा म्हणजे गुल, पूर्वी जमातीप्रमाणे वेगळा असायचा. लाल रंग मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा, आपल्याकडे आयुर्वेदात वापरतात तिची सख्खी बहीण.

आणि भिंतीवर कापड लावायची हौस मुळात तंबूवाल्यांची आहे हेही लक्षात घ्या. किरगिझ, कझाक लोकांच्या तंबूत आत पलंगाच्या मागे भरतकामाचं मोठं कापड असतंच, आजही. सायबेरियातल्या अल्ताईत पाझिरिकला जी थडगी उघडली त्यात गालिचा मिळाला, इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला, आणि त्याबरोबर नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं, सहा मीटरहून लांब भिंतीचं कापडही. दोन्ही आता सेंट पीटर्सबर्गला हर्मिताज संग्रहालयात आहेत. ज्यू शहरात राहणारे, तंबूत नाही, पण आजूबाजूचं सगळं जगच असं.

अमरावतीकर
म्हणजे माझी हरणं अडीच हजार वर्षांची परंपरा चालवत होती, घरी सांगतो, बाबांनी २००३ ला पोतेऱ्याला दिली.

निलांबरी_एन_जे
मी क्वीन्समध्ये एका शाळेत शिकवते, वर्गात बुखारी मुलं भरपूर. मुलांच्या पिढीचं वेगळंच आहे. एका मुलीला विचारलं तर म्हणाली आजीकडे आहे, आमच्याकडे नाही, मम्मी म्हणते भिंतीवर गालिचा म्हणजे कालच उतरल्यासारखं दिसतं. फॉरेस्ट हिल्समध्ये ज्यांनी जुनी घरं पाडून खांबांची मोठाली घरं बांधली, ज्यावर बाकीच्या रहिवाशांनी चिक्कार आरडाओरडा केला, त्या घरांत संगमरवर, झुंबर, सोनेरी किनारीच्या खुर्च्या, सगळं आहे, भिंतीवर गालिचा नाही. म्हणजे थाट गेलेला नाही, थाटाची वस्तू बदलली.

पण लग्नाच्या आधी बायकांचा कार्यक्रम असतो, कोशचिनोन, नवरीच्या भुवया पहिल्यांदा कोरतात तो, त्याला एकदा गेले होते. हॉटेलचा हॉल भाड्याने घेतलेला आणि नवरीच्या मागे संपूर्ण भिंतभर सुझनी, सगळ्या बायकांच्या अंगावर जरीचे झगे, जोमा म्हणतात, डफासारखं दोइरा वाजतंय. जी मुलगी घरात गालिचा नको म्हणते तीच त्या सुझनीपुढे शंभर फोटो काढून घेते! ते सजावटवाले भाड्याने देतात म्हणे, सुझनी, झगे, उशा, सगळा सेट.

क्वीन्सकर
हो, हे अगदी बरोबर टिपलंत. मला तर वाटतं ह्यात विसंगती काही नाही. पूर्वीही सुझनी रोजची नव्हतीच, पेटीतून सणाला निघायची. मधली तीस-चाळीस सोव्हिएत वर्षं तिच्या जागी गालिचा रोज भिंतीवर राहिला कारण एकतर तो मोठ्या मुश्किलीने मिळालेला आणि दुसरं म्हणजे फ्लॅटमध्ये पेट्या ठेवायला जागा नाही.

टेबलाचा मुद्दा राहिला. बुखारी घरात टेबल हेच सगळं आहे. कुणी गेलं की यूश्वो असतो, स्मरणाचं जेवण, सात दिवसांनी, तीस दिवसांनी, मग दर वर्षी. नातेवाईक येतात, रब्बी बोलतात, भात, मासे, भाकरी. घरात जेव्हा माणसं अशी दोन्ही बाजूंनी बसतात तेव्हा घरातला कर्ता पुरुष नाहीतर मान्य पाहुणा कुठे बसतो? गालिच्यापुढे. दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा गालिचा आणि त्याच्यापुढचं माणूस दिसतं. मेहमानखान्यातही दारापासून लांबची, समोरची जागा मानाची. भिंतीवरचं कापड त्या जागेची खूण आहे. बीबींनी मला पहिल्यांदा तिथे बसवलं तेव्हा त्यांच्या मुलाच्या भुवया वर गेल्या होत्या, मला कारण नंतर समजलं.

विटा_आणि_सिमेंट
हे पटतंय. खोलीला तोंड नसलं की माणसं कुठे बसायचं ते शोधतात. पॅनेलच्या चौकोनी खोलीला गालिच्याने तोंड दिलं.

नवखा_पक्षी
एक कळत नाही. एवढे जड गालिचे हे लोक देश सोडताना घेऊन कसे आले? विमानात?

ताश्कंद_रिटर्न
सत्तर-ऐंशीच्या दशकात जे निघाले त्यांना रोख रक्कम अगदी जुजबी नेता यायची, डॉलरमध्ये शंभराच्या आसपास माणशी. मग पैशाचं सामान करायचं आणि सामान न्यायचं. गालिचा, क्रिस्टल, चादरी. पुष्कळांनी वाटेत इटलीत थांबले तेव्हा बाजारात विकलंही. नव्वदनंतर मालवाहू कंटेनर. पण जुना हातविणीचा गालिचा किंवा सुझनी काढणं कठीण, आजही उझबेकिस्तानातून पन्नास वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू परवानगीशिवाय नेता येत नाही, विमानतळावर कागद मागतात. त्यामुळे जे खरं मौल्यवान ते बरेचदा तिकडेच शेजाऱ्यांना गेलं, विकून नाहीतर देऊन, आणि कारखान्याचा गालिचा क्वीन्सला पोचला. दुशान्बेवाल्यांचं तर अजून वाईट, १९९२ ला तिथे यादवी पेटली, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले.

रामलेकर_आयझॅक
माझ्या बाजूच्या काकूंनी हेच सांगितलं, आईची सुझनी समरकंदच्या मुसलमान मैत्रिणीकडे ठेवली. ती मैत्रीण फोनवर दर सणाला सांगायची की ऊन दाखवलंय.

क्वीन्सकर
बीबींचा गालिचा कंटेनरने आलाय, १९९३. हाताने विणलेला नाही, मी कोपरा उलटून बघितला (त्यांना विचारून!), झिरमिळ्या शिवलेल्याच आहेत. त्यांना काही फरक पडत नाही. त्यांचं म्हणणं, हा माझ्या यजमानांनी नंबर लावून मिळवलेला आहे.

घाटपांडे_ज्यु
आता तुमच्या नादाने मला पण लावावासा वाटतोय. बायकोच्या माहेरहून एक काश्मिरी गालिचा पडून आहे, चार बाय सहा फूट. खिळे मारू का सरळ?

सूतपुतळी
अजिबात नाही!! खिळ्याच्या जागी सगळं वजन येतं, दोरे तुटतात आणि वरची कड झालरीसारखी लोंबायला लागते. जुन्या सोव्हिएत गालिच्यांना मागे कापडी नाड्या शिवून खिळ्यांना अडकवायचे, तेही शेवटी लोंबतातच. नीट करायचं तर वरच्या कडेला मागून रुंद सुती पट्टी हाताने शिवा, टाका ताण्याच्या दोऱ्यांतून गेला पाहिजे, नुसता लोकरीतून नको. त्या पट्टीवर आधी वेल्क्रोची एक बाजू मशीनने शिवून घ्या. दुसरी बाजू लाकडी पट्टीवर स्टेपल करा आणि ती लाकडी पट्टी भिंतीला स्क्रूने. वजन पूर्ण रुंदीत वाटलं जातं आणि धुवायला किंवा आग लागली तर ओढून काढता येतो. म्युझियमवाले असंच करतात.

लोकरीचे केस कुठल्या दिशेला पडतात ते हात फिरवून बघा, उतार खाली यायला हवा, उलटा लावलात तर धूळ धरून बसतो.

क्वीन्सकर
आणि इथे आमच्याकडे भिंतीत ड्रायवॉल (जिप्समचे पातळ पत्रे) असेल तर मागचं लाकूड शोधूनच स्क्रू मारा. दोन बाय तीन मीटरचा असला तर पंधरा किलोच्या आसपास भरतो, शेजाऱ्यांकडचा एक रात्री दोनला भिंतीच्या तुकड्यासकट खाली आलाय.

घाटपांडे_ज्यु
माझी भिंत पुण्याची, जुनी वीट. ती पडली तर बिल्डिंगच पडेल.

निलांबरी_एन_जे
कसरीचं काय करतात? माझ्या शालीला लागली होती.

ताश्कंद_रिटर्न
तिकडे सगळ्या घरांना डांबरगोळ्यांचा वास असायचा, गालिच्यामागे पुरचुंड्या लटकवलेल्या. मॉस्कोकडचे लोक हिवाळ्यात कोरड्या बर्फावर उलटा टाकून बडवायचे, बर्फ काळा होईपर्यंत. ताश्कंदात तेवढा बर्फ नसायचा, अंगणात पाइपने धुवायचे आणि कुंपणावर टाकायचे, उन्हात दोन तासात वाळायचा.

सूतपुतळी
हातविणीच्या लाल गालिच्याला पाइप लावू नका प्लीज. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात दाबून बघा, फडकं गुलाबी झालं तर पाण्यापासून लांब ठेवा. मध्यंतरी एका ड्रायक्लीनरने माझ्या मैत्रिणीच्या गालिच्यातला पांढरा भाग कायमचा गुलाबी करून दिला आणि वर बिल घेतलं. कसरीला अंधार आणि शांतता आवडते, म्हणून वर्षातून दोनदा तरी भिंतीवरून उतरवा, मागची बाजू व्हॅक्यूम करा, तासभर उन्हं दाखवा. रोजचं थेट ऊन मात्र नको, रंग उडतो.

रामलेकर_आयझॅक
वर्षातून एकदा तर सुक्कोथला आपोआप उतरतो :)

घाटपांडे_ज्यु
ठीक आहे, वेल्क्रो आणतो. बायको विचारतेय कुठल्या भिंतीवर लावायचा ते आधी ठरवा. मी म्हटलं, सासूबाई बसतात त्यांच्या मागे.